मद्यत्याग आणि यकृताची उभारी

(सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांच्या तालुका अभ्यासवर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाणीपुरवठा, शाळाखोल्या आणि घरपट्टीची वसुली यांच्या पंक्तीला आज 'मद्यपान आणि यकृत' हा विषय ठेवलेला पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. त्याहून मोठे आश्चर्य म्हणजे या विषयावर बोलण्यासाठी माझ्यासारखा माणूस उभा आहे. मी वैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर असून माहिती गोळा करणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचविणे ही माझी नोकरी आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला. त्याचे कारण प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझे मामेभाऊ रुग्णालयात होते. ऊस पिकविणारा, कष्टाळू, चार माणसांत मान असलेला गृहस्थ. वीस वर्षे रोज दारू घेत असत. डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांनी आधी कावीळ उतरविणाऱ्याकडे नेले. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन झाले, पिवळे झालेले पाणी सर्वांना दाखवून झाले. त्यात दोन महिने गेले. पोटात पाणी झाल्यावर रुग्णालय गाठले. मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "तू माहिती खात्यात आहेस ना? मग सांग मला, काळीज तर गेलंच, आता सोडून काय फायदा?"

मला उत्तर देता आले नाही. धीर धरा, देव आहे, असे काहीसे पुटपुटून मी निघून आलो. त्यांनी दारू सोडली नाही. पुढच्या दिवाळीनंतर रक्ताची उलटी होऊन ते गेले. त्यांच्या प्रश्नाला उत्तर होते. ते वैद्यकशास्त्राला ठाऊक होते, फक्त मला ठाऊक नव्हते. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

काळीज म्हणजे यकृत

मराठीत आपण 'काळीज' हा शब्द हृदयाच्या अर्थाने सर्रास वापरतो. वास्तविक काळीज म्हणजे यकृत. उजव्या बाजूच्या फासळ्यांखाली असलेला हा अवयव प्रौढ माणसात सुमारे दीड किलो वजनाचा असतो. अन्नातून आलेली साखर तो साठवितो आणि उपाशी वेळी रक्तात सोडतो. स्निग्ध पदार्थ पचविणारे पित्त तयार करतो. रक्त गोठण्यासाठी लागणारी द्रव्ये आणि रक्तातील पाणी रक्तातच धरून ठेवणारे अल्ब्युमिन हे प्रथिन तोच बनवितो. शरीरात निर्माण होणारी व बाहेरून येणारी विषारी द्रव्ये निरुपद्रवी करण्याचे कामही मुख्यत्वे त्याचेच.

या अवयवाचा एक गुण असा की, त्याचा भाग काढून घेतला तरी उरलेला भाग वाढून ती तूट भरून काढतो. हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी १९३१ साली उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून हे पद्धतशीरपणे दाखवून दिले. १९८९ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एका मातेच्या यकृताचा भाग तिच्या लहानग्याला बसविण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आता आपल्या राज्यातील मोठ्या रुग्णालयांतही मुलगा बापाला, पत्नी पतीला आपल्या यकृताचा मोठा हिस्सा देते आणि देणाऱ्याचे यकृत काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीच्या आकाराचे होते. 'काळजाचा तुकडा' हा शब्दप्रयोग या ठिकाणी अक्षरशः खरा ठरतो.

मग प्रश्न असा की, एवढी उभारी धरणारा अवयव दारूपुढे का हरतो?

दारूचे यकृतात काय होते

पोटात गेलेल्या मद्यार्कापैकी बहुतेक सर्व यकृतालाच निस्तरावा लागतो. यकृत प्रथम त्याचे 'ॲसिटाल्डिहाइड' नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर करते आणि नंतर ते निरुपद्रवी बनविते. या कामाचा वेग ठरलेला आहे : ताशी साधारण सात ते दहा ग्रॅम. लिंबूपाण्याने, ताकाने किंवा थंड पाण्याच्या आंघोळीने तो वाढत नाही.

आता हिशेब करा. बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेल्या १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. तो निस्तरायला यकृताला सहा ते आठ तास लागतात. रोज दोन क्वार्टर घेणाऱ्याच्या यकृताला चोवीस तासांतील बारा ते सोळा तास दुसरे काम धडपणे करता येत नाही. 'मी फक्त बिअर घेतो' असे म्हणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की, आठ टक्के तीव्रतेच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ४० ग्रॅमहून अधिक मद्यार्क असतो. हातभट्टीच्या दारूचा तर काही हिशेबच मांडता येत नाही. स्त्रियांच्या यकृताला याहून कमी प्रमाणातही इजा होते. लठ्ठपणा, मधुमेह आणि 'ब' व 'क' प्रकारची विषाणूजन्य कावीळ असेल तर ही इजा अधिक वेगाने होते.

इजेच्या पायऱ्या

ही इजा टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या पायरीला यकृतात चरबी साठते. रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्या शंभरांपैकी सुमारे नव्वद जणांच्या यकृताची ही अवस्था झालेली असते. दुसऱ्या पायरीला यकृताला सूज येते, म्हणजे यकृतदाह होतो. त्याचे तीव्र स्वरूप प्राणघातक असते. तिसऱ्या पायरीला मेलेल्या पेशींच्या जागी व्रणासारखे घट्ट तंतू तयार होतात. हे तंतू सर्वत्र पसरून यकृत गाठीगाठींचे आणि कठीण झाले म्हणजे त्या अवस्थेला सिरॉसिस म्हणतात. लाएनेक या फ्रेंच वैद्याने १८१९ साली हे नाव दिले. अतिमद्यपींपैकी शंभरात दहा ते वीस जण या पायरीवर पोहोचतात. ते कोण असतील हे आधी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग नाही.

शेतकरी बंधूंना हे एका उदाहरणाने चटकन पटेल. उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिले की जमीन आधी पाणथळ होते. त्या वेळी पाणी आवरले आणि चर काढले तर जमीन सुधारते. दुर्लक्ष केले तर ती खारवट होते आणि शेवटी चोपण बनते. बियाणे तेच असते, पण ते रुजायला जमीन उरत नाही. यकृताचेही असेच आहे. नव्या पेशी निर्माण करण्याची ताकद शिल्लक असते, परंतु तंतूंच्या जाळ्याने मूळची रचना मोडल्यामुळे त्या पेशींना काम करण्याजोगी जागा मिळत नाही.

आणि यातली सर्वांत घातक गोष्ट अशी की, यकृत दुखून सांगत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस शेतात राबत असतो, बैठकीत भांडत असतो, जेवत-खात असतो. कावीळ, जलोदर, रक्ताची उलटी, दिवसा झोप आणि रात्री भ्रम ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बरेच अंतर कापून झालेले असते.

परतीची वाट

आता माझ्या मामेभावाच्या प्रश्नाकडे वळतो. सोडून फायदा काय?

पहिल्या पायरीवरच्या माणसाला फायदा जवळजवळ पूर्ण आहे. दारू संपूर्ण बंद केल्यावर यकृतातील चरबी साधारणपणे दोन ते सहा आठवड्यांत ओसरते. आमच्या प्रसिद्धी वाहनाचे चालक याचे उदाहरण आहेत. कर्मचाऱ्यांच्या आरोग्य तपासणीत त्यांच्या रक्तातील यकृताचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी एक आठवडा रुग्णालयात ठेवून दारू सोडविली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा आकडे सामान्य होते. त्यांनी तो कागद घरात देवाच्या फोटोशेजारी लावला आहे. त्यांच्या आणि माझ्या मामेभावाच्या प्रकृतीत फार फरक नव्हता. फरक होता तो तपासणी कधी झाली एवढाच.

दुसऱ्या पायरीवर दारू सोडल्यास सूज हळूहळू उतरते, मात्र त्याला आठवडे नव्हे तर महिने लागतात. तीव्र यकृतदाहाच्या रुग्णाला रुग्णालयातच ठेवावे लागते.

तिसऱ्या पायरीवर, म्हणजे सिरॉसिस झाल्यावरही, सोडण्याचा फायदा आहे. हेच मला त्या दिवशी सांगता यायला हवे होते. तंतूंचे जाळे कायमचे दगडासारखे राहते असे पूर्वी समजले जाई. दारू थांबल्यावर त्यातील काही भाग विरघळू शकतो, हे आता ठाऊक झाले आहे. मूळची रचना पूर्णपणे परत येत नाही. पण यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतील दाब उतरतो, पोटातले पाणी कमी होते आणि काही रुग्णांत ते नाहीसेही होते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या पॉवेल आणि क्लॅट्स्किन या वैद्यांनी १९६८ साली अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दारू सोडलेल्यांपैकी ६३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत होते. पीत राहिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्केच. आजच्याइतके उपचार उपलब्ध नसतानाचे हे आकडे आहेत.

आणखी एक उदाहरण पॅरिस शहराचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून १९४७ पर्यंत, तेथे वाइनचे रेशनिंग होते. माणशी आठवड्याला एक लिटर. सिरॉसिस व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात, म्हणून मृत्यूंवर या टंचाईचा परिणाम दिसायलाही तितकीच वर्षे लागतील असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सिरॉसिसने होणारे मृत्यू लगेच घसरू लागले आणि रेशनिंग उठल्यावर पुन्हा चढले. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्यांची यकृते आधीच बिघडलेली होती, तीच माणसे दारू कमी मिळाल्यामुळे वाचली.

तेव्हा 'आता काय फायदा' या प्रश्नाचे उत्तर असे : लवकर सोडली तर यकृत परत मिळते, उशिरा सोडली तर वर्षे मिळतात. पाच वर्षे म्हणजे मुलीचे शिक्षण पूर्ण होते, कर्ज फिटते, घर उभे राहते. मात्र सिरॉसिस झालेल्याने दारू सोडल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका पूर्णपणे जात नाही. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांची तपासणीही डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. केवळ एसजीओटी, एसजीपीटी हे आकडे चांगले आले म्हणून निश्चिंत राहू नये; सिरॉसिसमध्ये ते सामान्यही असू शकतात.

एकाएकी सोडण्यातील धोका

येथे एक इशारा देणे अत्यावश्यक आहे. ज्याला सकाळी उठल्याबरोबर दारू लागते, जिच्यावाचून हात थरथरतात, अशा माणसाने घरच्या घरी एकाएकी दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भीती, घाम, ताप असे गंभीर स्वरूप येऊ शकते. रुग्णालयात काही दिवस औषधे देऊन हा काळ सुरक्षितपणे पार करता येतो. त्याबरोबरच 'ब-१' जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आपल्याकडे तुळशीची माळ घालून दारू सोडण्याची परंपरा आहे आणि त्या माळेने कितीतरी संसार सावरले आहेत. त्या निश्चयाबद्दल मला नितांत आदर आहे. माझी विनंती एवढीच की, रोज पिणाऱ्याने माळ घालण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. निश्चय माळेचा असावा आणि पहिले आठ दिवस वैद्यकीय देखरेखीत जावेत. याउलट खोलीत कोंडणे, मारहाण करणे आणि 'त्याच्या नकळत चहातून द्या' अशा जाहिरातींची औषधे वापरणे हे प्रकार तत्काळ थांबले पाहिजेत. त्यांपैकी काही औषधे दारूबरोबर पोटात गेल्यास रक्तदाब कोसळून मृत्यू येऊ शकतो आणि बिघडलेल्या यकृताला ती स्वतःही अपाय करू शकतात.

आहार आणि औषधे

कावीळ म्हटली की हळद बंद, तेल बंद, डाळ बंद आणि केवळ उसाचा रस व पेज असा प्रघात घरोघर आहे. दारूने यकृत बिघडलेला माणूस बहुधा आधीच कुपोषित असतो. त्याला याने आणखी अशक्तपणा येतो. भाकरी-पोळी, डाळ, उसळ, दूध, ताक, चालत असल्यास अंडी व मासे, असा प्रथिनयुक्त आहार त्याला हवा. दिवसातून थोडेथोडे, चार-पाच वेळा खावे. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खावे, कारण आजारी यकृताला रात्रभर पुरेल इतकी साखर साठविता येत नाही. कडक उपवास करू नयेत. पोटात पाणी असल्यास मीठ कमी करावे. लोणचे, पापड वर्ज्य करावेत.

अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. साधी पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारून आणि त्यांनी सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावी. यकृत 'साफ करणारी' चूर्णे व काढे यांच्यावर पैसे घालविणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की, दारू चालू असताना कोणतेही औषध यकृत वाचवू शकत नाही. ओढ कमी करणारी औषधे मात्र आहेत. यकृत बिघडलेल्यांसाठी त्यांतील कोणते योग्य, हे डॉक्टर ठरवितात. 'ब' आणि 'क' कावीळीची तपासणी व उपचार २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात मोफत होतात. त्यांचा लाभ अवश्य घ्यावा.

गावाने काय करावे

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून दारुड्याचा शेवट कसा होतो, हे मराठी समाज चांगले जाणतो. तो परत कसा येतो, हे मात्र आपण फारसे पाहिलेले नाही. म्हणून एखादा माणूस पिऊ लागला की आपण त्याला मनातून वजा करतो. ही वजाबाकी थांबविणे हे गावाचे पहिले काम आहे.

दुसरे काम तपासणीचे. आरोग्य शिबिरात मधुमेह आणि रक्तदाबाबरोबर, दारू घेणाऱ्यांची यकृताची रक्ततपासणी व्हावी, असा आग्रह सरपंचांनी धरावा. यादी चावडीवर लावू नये. निकाल ज्याचा त्यालाच, एकांतात सांगावा. लाज वाटली की माणूस तपासणीला येत नाही आणि तपासणी टळली की पहिली पायरी हातची जाते.

तिसरे काम दारूबंदीच्या वेळचे. २००८ च्या आदेशानुसार महिलांच्या मतदानाने गावातील दुकान बंद करता येते आणि 'आडवी बाटली'ने अनेक गावांत ते झाले आहे. ज्या दिवशी दुकान बंद होईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी कोणाचे हात थरथरणार आहेत, हे गावातील आशा कार्यकर्तीला बहुधा ठाऊक असते. अशा घरांची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्राला आधीच द्यावी. ठराव करणाऱ्यांनीच ही जबाबदारी घेतली पाहिजे.

चौथे काम सोडल्यानंतरचे. पुन्हा पिण्याची भीती पहिल्या वर्षात सर्वाधिक असते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने उपचारानंतरच्या पाठपुराव्याला मोठे महत्त्व दिले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांमध्ये दारू सोडलेली माणसेच एकमेकांना आधार देतात. हे गावातही होऊ शकते. लग्नाच्या वरातीत त्याला आग्रह न करणे, भजनी मंडळात बोलावणे, रोजगार हमीच्या कामावर सवड देणे, एवढे तर आपल्या हातात आहे. तो एकदा घसरला तर 'सांगितले नव्हते का?' असे म्हणू नये. पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा दूरध्वनी क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा.

शिक्षकमित्रांना शेवटी एक विनंती. वर्गातील एखादे मूल सोमवारी गप्प असते, वही आणत नाही, शाळा सुटली तरी घरी जायला निघत नाही. त्याच्या घरी कोणीतरी आजारी आहे, असे समजून चौकशी करावी. बापाला दूषणे देऊ नयेत. 'हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत' हे वाक्य त्या मुलाने शाळेत ऐकले, तर ते घरापर्यंत जाते.

मित्रहो, माहिती वेळेवर पोहोचली नाही तर काय होते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. तोच प्रश्न उद्या आपल्या गावात, आपल्यासमोर कोणीतरी विचारील. त्या वेळी आपण माझ्यासारखे गप्प राहू नये. फायदा आहे, आजही आहे, चला, मी बरोबर येतो, एवढे उत्तर द्यावे आणि त्याच दिवशी त्याला दवाखान्यात घेऊन जावे, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.